हसवणारे दळवी आणि ‘संध्याछाया’चे दळवी: माणूस एकच का?

प्रश्न: आम्ही देवबागला राहतो. घरचा निवास-न्याहारीचा व्यवसाय आहे. पावसाळ्यात पर्यटक नसतात, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात, तेव्हा वाचायला सवड मिळते. यंदा पाहुण्यांनी मागे ठेवलेली दोन पुस्तकं वाचली. एक ‘सारे प्रवासी घडीचे’. ते वाचताना हसून पुरेवाट झाली. दुसरं ‘संध्याछाया’ हे नाटक. ते संपवलं आणि रात्री झोप लागेना. दोन्हींवर नाव जयवंत दळवी. हे दळवी एकच की वेगवेगळे? एकच असतील, तर इतका हसवणारा माणूस नाटकात एवढा काळोख का आणतो? ‘ठणठणपाळ’ म्हणजेही तेच का? आमचे यजमान तर म्हणतात, ‘वस्त्रहरण’सुद्धा त्यांचंच. हे सगळं आत्ताच विचारायचं कारण म्हणजे गावचं मंडळ यंदा नाटक बसवतंय आणि बैठकीत ‘दळवींचं एखादं हसवणारं नाटक घेऊया’ असं ठरलंय.
— एक वाचक भगिनी, देवबाग

उत्तर: तुमच्या एका पत्रात चार शंका आहेत, आणि मंडळाचं ठरूनही गेलेलं असल्यामुळे उत्तराची थोडी घाई आहे. सर्वांत सोपी शंका आधी सोडवू. दोन्ही पुस्तकांचे जयवंत दळवी एकच. पूर्ण नाव जयवंत द्वारकानाथ दळवी. जन्म १४ ऑगस्ट १९२५ चा, निधन १६ सप्टेंबर १९९४ ला. आणि ते तुमच्याच जिल्ह्यातले. देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला निघालात की निवती, वेंगुर्ले, मोचेमाड मागे टाकून आरवली लागते. वेतोबाची आरवली, जिथे देवाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात. दळवींचं गाव ते. त्यांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ ला. तेव्हा एखाद्या जुन्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर ‘रत्नागिरी जिल्हा’ दिसलं तर हे दुसरेच दळवी असतील, असं समजू नका.

आता यजमानांची शंका. ‘वस्त्रहरण’ दळवींचं नाही. ते गंगाराम गवाणकरांचं. गवाणकर राजापूर तालुक्यातल्या माडबनचे. हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आलं आणि त्याचे पाच हजारांवर प्रयोग झाले. ते घराघरांत पोचवलं मालवणजवळच्या रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळींनी. त्यांचा तात्या सरपंच इतका गाजला की नाटकाचे लेखक कांबळीच, असंही पुष्कळ जण समजतात. यजमानांचा घोळ समजण्यासारखा आहे. कोकणातला लेखक, विनोदी लेखक आणि नाटककार अशा तीन गोष्टी एकत्र आल्या की मनात पहिलं नाव ‘वस्त्रहरण’चं येतं. पण दोघांच्या लेखनाची जात निराळी आहे. ‘वस्त्रहरण’ सबंध मालवणीत आहे आणि हसवणं हाच त्याचा धर्म आहे. दळवींचं निवेदन प्रमाण मराठीत असतं, बोली येते ती गावच्या पात्रांच्या तोंडी. आणि त्यांच्या नाटकांत हसू येतं ते वाटेवर, मुक्कामाला नव्हे.

ठणठणपाळाबद्दल मात्र तुमचा अंदाज बरोबर आहे. तोही दळवीच. केशवराव कोठावळ्यांचं ‘ललित’ मासिक १९६४ साली निघालं. ते पुस्तकांना आणि ग्रंथव्यवहाराला वाहिलेलं मासिक. त्यात ‘घटका गेली, पळे गेली’ या नावाचं सदर ठणठणपाळ या टोपणनावाने दळवी लिहीत, आणि जवळपास वीस वर्षं लिहीत राहिले. वसंत सरवट्यांनी या ठणठणपाळाला हातात हातोडा घेतलेलं रूप दिलं, त्यामुळे वाचकाला तो डोळ्यांसमोरच दिसू लागला. सदराचा विषय एकच, मराठी साहित्यातली माणसं. कोण कुठल्या संमेलनात काय बोलला, कुणाला कसला पुरस्कार हवाय, प्रकाशक लेखकाला आणि लेखक प्रकाशकाला कसा टाळतो, समीक्षक कुठल्या भाषेत लिहितो. यांतलं काहीच त्याच्या हातोड्यातून सुटत नसे. तरीही त्या लेखनात विखार नव्हता. ज्याची थट्टा झाली त्याला ती झोंबे, पण पुढच्या अंकाची वाटही तोच पाही.

मग टोपणनाव कशाला? दळवी आधी वृत्तपत्रांत होते, पुढे मुंबईतल्या अमेरिकन माहिती खात्याच्या कचेरीत नोकरीला लागले. अमेरिकन पुस्तकांची मराठी भाषांतरं करवून घेणं हा त्या कामाचा भाग होता. म्हणजे रोज गाठ पडायची ती मराठी लेखकांशी आणि प्रकाशकांशीच. दिवसा ज्यांच्याबरोबर चहा प्यायचा त्यांचीच महिनाअखेरीला थट्टा लिहायची, तर मधे एखादा मुखवटा असलेला बरा. तो लिहिणाऱ्यालाही मोकळं करतो आणि वाचणाऱ्यालाही.

असा दुसरा एक लेखक जगात होऊन गेला, त्याची ओळख करून द्यायचा मोह होतो. आयर्लंडचा ब्रायन ओनोलन (१९११-१९६६). हा डब्लिनमध्ये सरकारी नोकर होता, आणि सरकारी नोकराने उघडपणे मतं छापणं चालत नसे. म्हणून त्याने ‘आयरिश टाइम्स’मध्ये माइल्स ना गपलीन या नावाने विनोदी सदर सुरू केलं. १९४० पासून थेट मृत्यूपर्यंत ते चाललं. आधी आयरिश भाषेत, मग मुख्यतः इंग्रजीत. कादंबऱ्यांसाठी त्याने फ्लॅन ओब्रायन असं तिसरंच नाव घेतलं. त्याची ‘द थर्ड पोलिसमन’ ही कादंबरी हसवता हसवता इतकी भयाण होत जाते की तो जिवंत असताना ती छापलीच गेली नाही, १९६७ साली निघाली. नाटकही त्याने लिहिलं. १९४३ मध्ये डब्लिनच्या प्रसिद्ध ॲबी नाट्यगृहात त्याचं ‘फॉस्टस केली’ लागलं, पण फार चाललं नाही. कचेरीतली नोकरी, टोपणनावाचं सदर, विनोदाच्या पोटातला काळोख, इथवर दोघांचं जुळतं. नाटकाच्या बाबतीत मात्र आरवलीचा माणूस कितीतरी पुढे गेला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हसवणारा माणूस काळोखाकडे कसा गेला? यावर लोक सहसा जे उत्तर देतात ते असं: दळवी तरुणपणी विनोदी लिहीत, वय झाल्यावर गंभीर झाले. ऐकायला पटतं, पण सालं तपासली की टिकत नाही. ‘चक्र’ ही कादंबरी १९६३ ची. मुंबईच्या झोपडपट्टीतली माणसं, त्यांची भूक, त्यांचे शरीरसंबंध, त्यांचं मरण हे सगळं मराठीत तोवर क्वचितच इतक्या उघडपणे आलं होतं. याच कादंबरीवर १९८१ साली हिंदी चित्रपट निघाला आणि त्यातल्या भूमिकेसाठी स्मिता पाटीलना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुम्हाला हसवणारं ‘सारे प्रवासी घडीचे’ १९६४ चं. ठणठणपाळही त्याच सुमाराचा. म्हणजे एकाच टेबलावर, जवळपास एकाच वेळी, झोपडपट्टी, आरवलीसारखं गाव आणि साहित्यिकांची थट्टा अशा तीन गोष्टी चालल्या होत्या. आधी हे आणि नंतर ते, असं काही झालेलं नाही.

दुसरं एक उत्तर असंही देतात की विनोद हा त्यांचा पोटापाण्याचा भाग आणि नाटक ही खरी तळमळ. हेही मला पटत नाही. ज्याला विनोद म्हणजे हातचा मळ वाटतो, तो दर महिन्याला, दोन दशकं, इतक्या निगुतीने तो लिहीत नाही.

मला जे दिसतं ते असं. दळवींकडे माणसाकडे बघायची एक सवय होती, आणि तीच सवय दोन्हीकडे काम करते. माणूस आपल्याबद्दल काय समजतो आणि प्रत्यक्षात काय आहे, यांतलं अंतर ते बघत बसत. अंतर लहान असेल, तर त्यातून हसू येतं. ते अंतर कळायला माणसाला फार उशीर झाला असेल, किंवा कळूनही तो काही करू शकत नसेल, तर तेच दुःख होतं. बघणारा तोच, बघण्याची जागाही तीच.

‘सारे प्रवासी घडीचे’ या नजरेने पुन्हा उघडून बघा. पहिल्या वाचनात तुम्हाला गावची वल्ली दिसली, त्यांचे हेवेदावे, पोकळ ऐट, पैशाची ओढाताण, देवाधर्माची भीती आणि त्या भीतीतून काढलेल्या पळवाटा दिसल्या. हसू आलं ते योग्यच. पण पुस्तक संपत जातं तशी ही माणसं कमी कमी होत जातात. कुणी खंगतो, कुणी मरतो, कुणाचं घर ओस पडतं. लेखक त्यावर रडगाणं गात नाही, म्हणून ते पटकन लक्षात येत नाही. ज्याला आपण विनोदी पुस्तक म्हणतो त्यात मरणं किती आहेत ते मोजून बघा, तुम्हालाच नवल वाटेल.

आणि ‘संध्याछाया’ उलट बाजूने बघा. शेवटामुळे तुमची झोप उडाली, म्हणून सुरुवात तुम्ही विसरलात. सुरुवातीला नाना-नानी हसवतात. त्यांची कुरकुर, एकमेकांना टोमणे मारणं, दाराशी कुणी चुकून आला तरी त्याला धरून बसवण्याची धडपड. प्रेक्षागृहात या ठिकाणी लोक मनमोकळे हसतात, कारण असं एखादं म्हातारं जोडपं प्रत्येकाच्या ओळखीचं असतं. मग हळूहळू कळतं की ही धडपड गमतीची नाही. मोठा मुलगा अमेरिकेत, तो परतणार नाही. धाकटा सैन्यदलात, तोही जातो. आता दाराशी येणारा माणूस ही त्या दोघांची एकुलती गरज उरते. ज्या वागण्याला आपण पहिल्या अंकात हसलो तेच वागणं शेवटच्या अंकात सोसवत नाही. पात्रांनी काही नवीन केलेलं नसतं, आपल्याला अधिक कळलेलं असतं, एवढाच फरक. आधी हसलो नसतो तर झोपेच्या गोळ्यांचा तो शेवट केवळ धक्का देऊन गेला असता. आधीच्या हसण्यामुळे तो आपल्या घरात घडल्यासारखा वाटतो. देवबागेतच किती घरांत मुलगा मुंबईत, जहाजावर किंवा आखातात आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. म्हणून तुमची झोप उडाली.

तुम्ही दशावतार बघत वाढलात, तुम्हाला हे परकं वाटायचं कारण नाही. जत्रेच्या रात्री आधी संकासुर येतो, मालवणीत बोलून मांडभर हसवतो, आणि त्याच मांडावर पहाटेपर्यंत आख्यानातला शोक, शाप आणि युद्धंही होतात. तेव्हा कुणी विचारत नाही की हे दोन खेळ एका कंपनीचे कसे. पुस्तकांच्या बाबतीत मात्र आपण लेखकाला विनोदी किंवा गंभीर अशा एकाच खणात बसवतो, आणि तो दुसऱ्या खणात सापडला की गडबडतो.

बाकीच्या नाटकांतून भरभर जाऊ. ‘बॅरिस्टर’ (१९७७) हे त्यांच्याच ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून केलेलं नाटक. विलायतेहून शिकून आलेला बॅरिस्टर, घराण्यात वेडाचा वारसा, केशवपन झालेली मावशी, आणि वाड्यातल्या राधाक्कावर तीच पाळी येऊ नये म्हणून त्याची चाललेली झुंज. विक्रम गोखल्यांचा बॅरिस्टर ज्यांनी बघितला ते अजून त्याबद्दल बोलतात. ‘सूर्यास्त’ (१९७८) मध्ये जुना गांधीवादी बाप आणि सत्तेत गेलेला मुलगा समोरासमोर उभे राहतात. त्यात बापाचं काम निळू फुल्यांचं. तमाशाप्रधान चित्रपटांतले खलनायक म्हणून ज्यांना महाराष्ट्र ओळखत होता त्यांच्याकडून हे काम व्हावं, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. ‘पुरुष’मध्ये एका शिक्षिकेवर राजकारणी गुलाबराव बलात्कार करतो, कायदा तिच्या कामी येत नाही, आणि ती स्वतःच त्याला शिक्षा करते. नाना पाटेकर आणि रीमा लागू यांच्या त्या कामांनी प्रेक्षक हादरले होते. ‘नातीगोती’ मतिमंद मुलाच्या आईबापांचं. ‘दुर्गी’वरून पुढे ‘उत्तरायण’ हा मराठी चित्रपट निघाला. ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’ आणि ‘पुरुष’ तिन्हींच्या दिग्दर्शक विजया मेहता. दळवींचा आतला काळोख आणि आतला हसरेपणा या दोन्हींचं माप त्यांना बरोबर सापडलं होतं, असं मी म्हणेन.

इथे आणखी एक गैरसमज पुसून टाकू, कारण मंडळाच्या बैठकीत तोही निघेल. ‘गुंतता हृदय हे’ हे नाटक अनेक जण दळवींच्या नावावर टाकतात. कथा त्यांच्या ‘महानंदा’ कादंबरीची खरी, पण नाटक लिहिलं शं. ना. नवऱ्यांनी.

या सगळ्या यादीत धड ‘हसवणारं नाटक’ म्हणता येईल असं काय आहे? एकही नाही. मंडळाच्या ठरावातली अडचण ही आहे. दळवींचा निव्वळ विनोद मुख्यतः त्यांच्या गद्य पुस्तकांत आणि ठणठणपाळात आहे. नाटकात त्यांनी विनोदाला वेगळ्या कामाला लावलं. तेव्हा लोकांना नुसतं हसवून घरी पाठवायचं असेल तर ‘वस्त्रहरण’ घ्या, त्यात कमीपणा काही नाही. ते चांगलं करणं सोपंही नाही, कारण रंगमंचावरचा गोंधळ अगदी शिस्तीत बसवावा लागतो. पण मंडळाला दळवीच हवे असतील, तर माझं मत ‘संध्याछाया’ला. एकच घर दाखवायचं असल्यामुळे नेपथ्याचा खर्च आवाक्यातला. पात्रं मोजकी. सगळा भार नाना आणि नानी या दोघांवर. म्हातारी माणसंच हवीत असंही नाही. मूळ प्रयोगात नानी केली खुद्द विजया मेहतांनी, तेव्हा त्या चाळिशीच्याही आत होत्या. नाना होते माधव वाटवे. हिंदीतही हे नाटक ठिकठिकाणच्या मंडळींनी केलेलं आहे, म्हणजे ते मराठी घरापुरतं राहिलेलं नाही.

तालमीसाठी एक सूचना मनापासून करतो. पहिला अंक रडवा करू नका. हौशी मंडळी शेवट ठाऊक असल्यामुळे पहिल्या वाक्यापासूनच आवाज ओले करतात आणि नाटक तिथेच मरतं. नाना-नानींना त्यांचा शेवट ठाऊक नसतो. त्यांना वाटतं पत्र येईल, कुणीतरी भेटायला येईल. त्यांना तेवढ्या उत्साहाने भांडू द्या, प्रेक्षकांना तेवढं मोकळेपणी हसू द्या. पहिल्या अंकात हशा आला नाही तर तालीम कमी पडली असं समजा. आणि दिग्दर्शकाला ‘सारे प्रवासी घडीचे’ आधी वाचायला लावा, तुमच्याकडे प्रत आहेच. दळवींना माणसाचं हसू कुठे सापडतं, ते त्यावरून कळेल. त्यांची स्वतःबद्दलची भूमिका वाचायची असेल तर ‘आत्मचरित्राऐवजी’ मिळवा, आणि ठणठणपाळाची चव घ्यायची असेल तर ‘निवडक ठणठणपाळ’ आहे. तालुक्याच्या ग्रंथालयात चौकशी करा. नसतील तर मागवून घ्यायचा आग्रह धरा, जिल्ह्यातल्या लेखकासाठी तो धरलाच पाहिजे.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी गावोगावी राहून जाते. लेखक गेला म्हणजे नाटक सगळ्यांचं झालं, असं नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं त्याच्या लेखनावर वारसांचा हक्क असतो. दळवी १९९४ साली गेले, म्हणजे त्यांच्या नाटकांवरचा हा हक्क २०५४ अखेरपर्यंत आहे. छापील प्रतीत प्रयोगाच्या परवानगीसाठी कुणाशी संपर्क साधायचा ते बहुधा दिलेलं असतं, नसल्यास प्रकाशकाला विचारा. तालीम सुरू करण्याआधी लेखी परवानगी घ्या आणि मानधन ठरवून टाका. जाहिरातीत आणि पडद्यावर दळवींचं नाव ठळक लिहा.